डोनटच्या पिशवीवर सुरू झालेलं क्वार्टेट

हेडफोन लावलेत ना? आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांना एकदा तरी हेडफोन लावूनच ऐकायला हवं.

आधी माझी एक फजिती सांगतो. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी ग्रुप काढला होता. दोन व्हायोलिन, एक बासरी, एक तबला. सात महिन्यांत बंद पडला. भांडण वगैरे काही नाही. वाजवायला स्वतःचं असं काही नव्हतं, आणि 'आपल्यासाठी नवीन कोण बांधणार? पैसे कुठून देणार?' हे आम्हीच ठरवून मोकळे झालो. विचारलं मात्र कुणालाच नाही.

म्हणून 'क्रोनोस क्वार्टेट'ची गोष्ट कळली तेव्हा मला जरा लागलीच.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. समोर हातवारे करणारा कंडक्टर नाही. चौघांनी एकमेकांकडे बघत वाजवायचं. अठराव्या शतकात हायडनने हा प्रकार नावारूपाला आणला. पुढे मोझार्ट, बेथोव्हेन. म्हणजे जुन्या रचनांचा खजिना एवढा, की नवं काही न करताही आयुष्य निघून जाईल.

१९७३ साली डेव्हिड हॅरिंग्टन नावाच्या विशीतल्या व्हायोलिनवादकाने रेडिओवर जॉर्ज क्रम यांची 'ब्लॅक एंजल्स' ही रचना ऐकली. व्हिएतनाम युद्धाच्या सावलीत लिहिलेली. त्यात वाद्यांचा आवाज विजेवर वाढवलेला, वादक मध्येच ओरडतात, पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासांवर बो फिरवतात. हॅरिंग्टनला वाटलं, हे मला वाजवायचंय. त्यासाठी त्याने सिएटलमध्ये ग्रुप काढला.

आता पैसे? नव्हते. केन बेन्शूफ या संगीतकाराकडून त्यांनी पहिली नवी रचना लिहून घेतली आणि मोबदला काय दिला, तर डोनटची एक पिशवी! खरंच. तिथून सुरुवात करून आजवर हजाराहून जास्त रचना आणि अरेंजमेंट त्यांनी लिहून घेतल्या आहेत.

१९७८ला ग्रुप सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावला. तिथे टेरी रायली भेटले. हे गृहस्थ किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य. हो, भीमसेनजींचं तेच किराणा! रायली तेव्हा मनात येईल तसं वाजवायचे, कागदावर उतरवणं जवळजवळ सोडलं होतं. हॅरिंग्टन त्यांच्या मागेच लागला, आमच्यासाठी लिहा म्हणून. आणि ते पुन्हा लिहायला लागले.

१९८८चं 'डिफरंट ट्रेन्स' तर ऐकाच. स्टीव्ह राईक लहानपणी, चाळीसच्या आसपास, न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस ट्रेनने ये-जा करायचे. आई एका टोकाला, वडील दुसऱ्या. ते स्वतः ज्यू. मोठेपणी त्यांच्या मनात आलं, त्याच वर्षांत मी युरोपात असतो तर वेगळ्याच ट्रेनमध्ये असतो. म्हणून त्यांनी छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांचे रेकॉर्ड केलेले आवाज घेतले. माणूस साधं बोलतो तेव्हाही आवाज वर-खाली होतो ना? तोच चढउतार व्हिओला आणि चेलो वाजवतात. बोलण्याचं गाणं होतं. अंगावर काटा येतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. २००५ साली त्यांनी आर. डी. बर्मनच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. गायला कोण? आपल्या सांगलीच्या आशाताई! वय सत्तरीपार, आणि आवाज ऐका नुसता. तबल्यावर झाकीरभाई. पंचमच्या गाण्यात वाद्यांचा केवढा ताफा असायचा. इथे चौघांनी थरावर थर रेकॉर्ड करत तो भरून काढला.

सगळं गोडगोडच झालं असं नाही. १९९५ला हॅरिंग्टनचा मुलगा ॲडम अचानक गेला. सोळा वर्षांचा होता. रायलींनी त्याच्यासाठी 'रेक्विएम फॉर ॲडम' लिहिलं आणि ते क्रोनोसनेच वाजवलं. आपल्याच पोराच्या आठवणीतलं संगीत स्टेजवर बसून वाजवायचं, विचार करा.

माणसंही बदलली. चेलोची खुर्ची तर अनेकदा. २०२४ला जॉन शेर्बा आणि हँक डट हे दोघे सेहेचाळीस-एक वर्षं वाजवून निवृत्त झाले. सुरुवातीपासूनचा एकटा हॅरिंग्टन उरला. तरी नवीन मंडळी घेऊन ग्रुप चालूच आहे.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे. २०१५पासून त्यांनी जगभरातल्या संगीतकारांकडून पन्नास रचना लिहून घेतल्या, तरुण क्वार्टेट्सना शिकता यावं म्हणून. नोटेशन ऑनलाइन, फुकट. त्यात झाकीरभाईंचीही एक रचना आहे. डोनट देऊन मागणारा पोरगा, म्हातारपणी वाटत सुटला.

शास्त्रीय म्हटलं की आपल्याला वाटतं, जपून ठेवायची वस्तू. कपाटात, कुलूप लावून. ह्यांनी वाद्यं तीच चार ठेवली, फक्त जो भेटेल त्याला विचारत राहिले, 'आमच्यासाठी काही लिहाल का?' नाही म्हणणारेही भेटलेच असणार. पण विचारायचं थांबले नाहीत.

परवा मी आमच्या त्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, 'पुन्हा बसायचं का?' तबलेवाल्याने नुसता अंगठा दाखवलाय. इमोजीतला की मराठीतला, ते अजून कळलेलं नाही.

तुम्ही मात्र आज रात्री 'डिफरंट ट्रेन्स' लावा, दिवे बंद करून. कसं वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!