आधी सांधा, मग रिपोर्ट



मला एकच तक्रार मांडायची आहे, आणि ती आपल्या सगळ्या डॉक्टरांबद्दल आहे. आपण सांध्याला हात लावायच्या आधी रक्त काढायला पाठवतो.

पंचावन्नच्या बाई येतात. जिना उतरताना गुडघे दुखतात, सकाळचा ताठरपणा दहा मिनिटांत जातो. बोटांच्या मुळाशी पंजा दाबून पाहिला तर दुखत नाही, मनगट सुजलेलं नाही. पण पिशवीत ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’चा रिपोर्ट असतो आणि त्यात आरए फॅक्टरच्या आकड्याखाली लाल रेघ. कुणीतरी स्टेरॉइडही सुरू केलेलं असतं. बाई विचारतात, “मी आता अंथरुणाला खिळणार का?”

हा फॅक्टर नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० साली नोंदवला. मेंढीच्या लाल पेशींवर सशाची प्रतिपिंडं चढवली होती, त्यात आमवाताच्या (रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णाचं सीरम घातलं आणि पेशींच्या गुठळ्या झाल्या. १९४८मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ यांनाही तेच दिसलं. शोध मोठाच. पण हा फॅक्टर क्षयात सापडतो, कुष्ठरोगात सापडतो, हिपॅटायटिस सीमध्ये आणि हृदयाच्या झडपेच्या जंतुसंसर्गात सापडतो, आणि नुसत्या उतारवयातही सापडतो. क्षय अजून घरोघरी असलेल्या आपल्या मुलखात तरी हे विसरून चालणार नाही.

अँटी-सीसीपी या दुसऱ्या रक्तचाचणीची गोष्ट जास्त रंजक आहे. १९६४ साली नीनहाउस आणि मांडेमा या डच संशोधकांना दिसलं की आमवाताच्या रुग्णांची प्रतिपिंडं गालाच्या आतल्या पेशींना, केंद्रकाभोवतीच्या कणांना, चिकटतात. पण कशाला चिकटतात, हे कळायला तीसहून अधिक वर्षं लागली. १९९८मध्ये शेलेकेन्स, व्हान वेनरॉय आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: सिट्रुलिनला. (हे अमिनो आम्ल पहिल्यांदा कलिंगडातून वेगळं काढलं गेलं, म्हणून कलिंगडाच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. कलिंगड खाऊन आमवात होत नाही. हा प्रश्न ओपीडीत येतो, म्हणून सांगून ठेवतो.) शरीरातलं एक विकर प्रथिनातल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतं. आर्जिनिनवर धनभार असतो, सिट्रुलिनवर नसतो. बदल एवढाच.

आणि इथेच जनुक येतं. पीटर स्टॅस्टनी यांनी १९७८मध्ये एचएलए-डीआर४चा आमवाताशी संबंध दाखवला. १९८७मध्ये ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी बोट ठेवलं ते डीआर रेणूच्या साखळीतल्या ७० ते ७४ या पाच जागांवर. त्या जागांमुळे रेणूच्या खोबणीत धनभार येतो. आर्जिनिन तिथून दूर लोटलं जातं, सिट्रुलिन अलगद बसतं आणि टी पेशींपुढे मांडलं जातं. वैद्यकात कारणाचा धागा इतका स्वच्छ क्वचितच हाती लागतो.

तरीही जनुक म्हणजे निकाल नव्हे. एकसारख्या जुळ्यांत एकाला आमवात असेल, तर दुसऱ्याला तो साधारण १५ टक्के जोड्यांतच होतो. उरलेल्यात धुराचा वाटा मोठा. २००६च्या स्वीडिश अभ्यासात या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांना सिट्रुलिनविरोधी प्रतिपिंडं (म्हणजेच अँटी-सीसीपी) असलेल्या आमवाताचा धोका २१ पट आढळला. तुलना होती जनुक नसलेल्या, न ओढणाऱ्यांशी. म्हणून रुग्णाची लेक “माझी जीन टेस्ट करू का?” असं विचारते, तेव्हा मी नको म्हणतो आणि घरात विडी-सिगारेट कोण ओढतं ते विचारतो.

आता रिपोर्टची दुसरी बाजू. उत्तर स्वीडनच्या बायोबँकेत साठवलेले नमुने २००३मध्ये तपासले, तेव्हा ही प्रतिपिंडं सांधा सुजण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात होती. म्हणजे रिपोर्ट खोटा नसतो, कधी कधी तो फार आधी येतो. ही प्रतिपिंडं असलेल्या सांधेदुखीच्या रुग्णांना, सूज यायच्या आधीच, सहा महिने ते वर्षभर अबाटासेप्ट दिल्यास आजार लांबतो, हे २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसलं. औषध थांबल्यावर मात्र फरक ओसरत गेला. हे रोजच्या ओपीडीत उतरायला वेळ आहे.

२०१०चे निकष आपण सगळे वापरतो. प्रतिपिंडांना त्यात जास्तीत जास्त ३ गुण, आणि आमवात म्हणायला १०पैकी ६ लागतात. पण गुण मोजायच्या आधी एक अट आहे, ती आपण गाळतो: निदान एक सांधा प्रत्यक्ष सुजलेला हवा, आणि त्या सुजेला दुसरं सरळ कारण नको. सूज असेल तर तज्ज्ञाकडे लगेच पाठवा, महिने घालवू नका. सूज नसेल आणि अँटी-सीसीपी चढलेलं असेल, तर विडी-सिगारेट सोडायला लावा, सूज कशी ओळखायची ते शिकवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा हात बघा.

दुपारच्या सत्रात बोटांचे सांधे चाचपण्याचं प्रात्यक्षिक आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पुढच्या रांगेत बसावं, आणि आम्ही ज्येष्ठांनीही.