सुतळी बॉम्ब आणि सुभेदारांची झोप
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात. ज्याच्या नात्यात एकही फौजी नाही, असं घर इथे शोधावं लागतं. त्यांच्या शौर्यावर आपण नेहमी बोलतो. समुपदेशक म्हणून मला आज त्यांच्या झोपेबद्दल बोलायचं आहे.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून आलेल्या सैनिकांच्या थरकापाला डॉक्टर 'शेल शॉक' म्हणत. 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांच्या यादीत पीटीएसडी हे नाव घातलं. तो फक्त फौजींनाच होतो असं नाही. अपघातातून वाचलेल्याला, घरात मारहाण सोसलेल्या बाईला, 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात सापडलेल्यालाही होऊ शकतो. प्रसंग संपतो, पण आतला पहारेकरी ड्यूटीवरून उतरतच नाही. एखादा आवाज, एखादा वास, आणि माणूस पुन्हा त्याच जागी. त्याला ते आठवत नसतं, समोर घडत असतं. पहिले काही आठवडे असं होणं साहजिक आहे. महिना उलटला तरी दचकणं, वाईट स्वप्नं, माणसं टाळणं चालूच असेल, तर डॉक्टर गाठावा.

घरचे काय म्हणतात? "फौजी असून घाबरता?" नाहीतर, "झालं गेलं, विसरा आता." विसरता आलं असतं तर तो केव्हाच विसरला असता! याच्या उलट, पाहुण्यांसमोर "तो किस्सा सांगा की" हा आग्रहही नको. तो बोलेल तेव्हा ऐकावं, मध्ये उपदेश करू नये.

रात्री ओरडून उठला तर गदागदा हलवू नका; झोपेत हात उगारला जाऊ शकतो. थोडं लांब उभं राहून दिवा लावा, हाक मारा: "अहो, मी आहे. आपण घरात आहोत, बेळगावात." मग पाणी द्या. कशानं बरं वाटतं, हे दिवसा, शांतपणे विचारून ठेवा.

झोपेसाठी म्हणून घेतलेला पेग झोप आणखी बिघडवतो. प्यालेल्या माणसाशी तेव्हा वाद घालू नका, पण डॉक्टरांपासून लपवूही नका.

वहिनींनो, आजार आहे म्हणून मार सोसायचा नाही. राग कळतो, मार चालत नाही. आणि आठवड्यातून एखादी संध्याकाळ तुमची असू द्या. दीर, भावजय, कुणीतरी तेवढा वेळ घरी बसेल.

उपचार आहेत. प्रशिक्षित तज्ज्ञाबरोबर टप्प्याटप्प्यानं बोलून त्या आठवणीची धार कमी करता येते, गरजेप्रमाणे औषधंही असतात. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, माजी सैनिकांना ईसीएचएसचा दवाखाना आहे. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता कार्यकर्त्यांशी थोडं. फटाक्यांवर बंदी घाला असं म्हटलं तर तुम्ही मला पुढच्या वर्षी बोलावणार नाही! पण फटाके किती वाजता लावणार, हे फळ्यावर लिहा. अचानक फुटलेला सुतळी बॉम्ब आणि आधी माहीत असलेला, यात त्या माणसाला फार फरक पडतो. तो दार लावून बसेल किंवा तेवढ्यापुरता भावाकडे जाईल. मिरवणूक त्याच्या दारावरून जाताना ताशा थोडा पुढे नेऊन वाजवा. मंडपात दाराजवळची, पाठीमागे भिंत असलेली खुर्ची त्याच्यासाठी ठेवा. आरतीला आला नाही तर प्रसाद घरी पोचवा, आणि का आला नाहीत, हे विचारू नका.