रस्ता मोठा, मुलूख पातळ

2021 साली वेगासाठी दोन मोठ्या जागा खुल्या झाल्या. जूनमध्ये आपल्या धार जिल्ह्यात, पिथमपूरला, नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटर लांबीच्या हायस्पीड ट्रॅकचं उद्घाटन झालं. नोव्हेंबरमध्ये ‘फोर्झा होरायझन 5’ हा व्हिडिओ गेम आला. पिथमपूरचा लंबगोल ट्रॅक गाडीचा वेग तपासायला बांधलाय. भोवताली काय आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. गेमने मात्र अख्खा मेक्सिको मांडलाय. ग्वानाह्वातो शहराचे रंगीत उतार आणि भुयारी रस्ते, ज्वालामुखी, वाळवंटातली धुळीची वादळं, आठवड्याला पालटणारे ऋतू. आभाळसुद्धा मेक्सिकोत जाऊन टिपलेलं. हे काम मनापासूनचं आहे. शिवाय ब्रेक-स्टिअरिंगची मदत कमीजास्त करता येते, त्यामुळे नवख्यालाही पाचशेहून जास्त गाड्यांतली कुठलीही चालवता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

पण एवढा मुलूख उभा करून गेम त्याला अडवू देत नाही, ही त्याची खरी उणीव. आपल्याकडच्या लोहारदा गावाहून इंदूरकडे निघालं की विंध्याचा घाट चढावाच लागतो. भरलेला ट्रक तिथे गिअर उतरवत जातो आणि चढण चालकाच्या हातापायांत उतरते. गेममध्ये मात्र निवडुंग, कुंपणं, दगडी गडगे गाडीखाली मोडतात, शेतं आडवी कापत सरळ जाता येतं. वळण चुकलं तर एक बटण दाबून काही सेकंद मागे जायचं. त्यावर बक्षिसांची खैरात. चक्र फिरतं, कधी पैसे, कधी हॉर्न, कधी चक्क महागडी गाडी पदरात पडते. मग तीच गाडी कमावण्यासाठी डोंगर का ओलांडायचा?

कुणी म्हणेल, दिवसभर राबलेल्या माणसाला गेममध्येही कष्ट कशाला? रास्त प्रश्न आहे. म्हणून सोपेपणा काढून टाका, असं मी म्हणत नाही. मदतीची पायरी जशी खेळणाऱ्याने निवडावी, तशी जमिनीच्या अडवणुकीचीही निवडू द्यावी. नुसता वेगच हवा असेल, तर पिथमपूरसारखा लंबगोल पुरे, मेक्सिको कशाला? आणि अडवणूक म्हणजे कंटाळा, हेही खरं नाही. 2006 च्या ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’मध्ये हवाईचं ओआहू बेट होतं. त्यात एखाद्या ठिकाणी झटक्यात पोचायचं, तर तो रस्ता आधी स्वतः चालवलेला असावा लागे. चित्रं आजच्या मानाने साधी, पण रस्ते पाठ व्हायचे. फोर्झातही आधी पाहिलेल्या रस्त्यांवरच उडी घेता येते आणि त्यासाठी एक महागडं घर विकत घ्यावं लागतं. म्हणजे बनवणाऱ्यांना अडवणुकीची गोडी ठाऊक आहे. त्यांनी ती घरापुरती न ठेवता डोंगरालाही लागू करावी, एवढंच मागणं आहे.