पडलेल्या पोफळीचा हिशेब

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूडपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात मान आहे. पण पोफळ लावल्यावर पाच-सात वर्षे वाट पाहावी, तेव्हा कुठे ती धरू लागते.

सरकारने मदत वाढवून फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर केले. पण कोकणातली वाडी मोजतात गुंठ्यांत. गुंठ्यामागे हातात येणार जेमतेम 500 रुपये! पडलेली झाडे तोडून बाहेर काढायची मजुरी तरी त्यात सुटेल का? ओरड झाली, मग झाडागणिक रक्कम ठरली: माडाला 250, पोफळीला 50 रुपये.

आंबा-काजूला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर अवेळी पाऊस, तापमान, वारा यांची नोंद ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की भरपाई लागू होते. बागेबागेत पंचनामा नको, ही त्यातली चांगली बाजू. पण हा विमा त्या हंगामाच्या फळाचा. कलमच उन्मळले, तर त्याचे मोल त्यात धरलेले नाही. आणि आंब्याचे विमा संरक्षण 15 मे रोजी संपत असे. 2021 साली तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपले ते 16 मे रोजी.

पीककर्जाचेही तेच. वर्षाच्या आत फेडले तर व्याजाची सवलत. वाडी नव्याने उभी करणाऱ्याने वर्षभरात कशातून फेडायचे? मुदतीचे कर्ज मागावे तर सातबारा सामायिक, त्यावर दहा-बारा नावे, निम्मी माणसे मुंबईत. सह्या जमत नाहीत. मग दलालाकडून उचल घ्यायची आणि माल त्याच्याच पेढीवर घालायचा.

अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली वादळे वाढली आहेत, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ सांगतात. नवी पोफळ धरण्याआधीच पुढचे वादळ येऊ शकते. नारळ विकास मंडळाच्या विमा योजनेत माड पडला तर माडाचे पैसे मिळतात. तसे संरक्षण पोफळीला आणि हापूसच्या कलमाला द्या. बँकांनी त्या विम्याच्या आधारावर, प्रत्यक्ष वाडी राखणाऱ्याच्या नावाने कर्ज द्यावे, आणि पहिला हप्ता झाड धरल्यावरच मागावा.