फांदीवरील पक्ष्याचें छायाचित्र



भिवंडीचें नांव घेतलें कीं यंत्रमागांची खडखड, कापडाचे गठ्ठे आणि मालमोटारींच्या रांगा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. तेथें पांखरांचें काय काम, असें कोणासही वाटेल. परंतु कामवारी नदीच्या कांठानें अथवा वाड्याच्या रस्त्यानें सकाळच्या प्रहरीं जाणाऱ्याची दृष्टि जरा वर गेली, तर विजेच्या तारांवर ओळीनें बसलेले वेडे राघू, दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल, बांधावरच्या खुंटावर ध्यानस्थ बसलेला खंड्या, हे जुने रहिवासी त्याला भेटल्याखेरीज राहत नाहींत. हातांत कॅमेरा असला म्हणजे त्यांचें चित्र घेण्याचा मोह होतो. उडत्या पक्ष्याचें चित्र घेणें अवघड. हा तर स्वस्थ बसला आहे, असा विचार मनांत येतो आणि कळ दाबली जाते.

घरीं येऊन पाहावें तों निराशा पदरीं पडते. पांढऱ्या आकाशावर शाईचा डाग पडावा तसा पक्षी काळा दिसतो. पिसांचा रंग नाहीं, डोळ्याची चमक नाहीं. यांत दोष पक्ष्याचा नाहीं आणि यंत्राचाही नाहीं. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरच्या साऱ्या देखाव्याचा सरासरी उजेड मोजतो. आकाश लख्ख असलें कीं उजेड फार आहे असें समजून तो चित्र काळवंडवितो, आणि त्या काटकसरीचा फटका मधल्या लहानशा पक्ष्याला बसतो. अशा वेळीं प्रकाश मुद्दाम एक-दोन पायऱ्यांनीं वाढवावा लागतो. उलट, गर्द झाडीपुढें बसलेला पांढरा शुभ्र बगळा टिपतांना तो कमी करावा लागतो. नाहीं तर बगळ्याच्या जागीं पिसांची रेषाही नसलेला चुन्याचा ठिपका उमटतो. शक्य असेल तर सूर्य पाठीशीं घ्यावा. कोवळ्या उन्हांत घेतलेल्या चित्रास दुपारच्या चित्राची सर येत नाहीं असें नव्हे, तर दुपारचें चित्रच त्याच्या पासंगास पुरत नाहीं. तापलेल्या डांबरी रस्त्यावरून उठणारी झळ लांबच्या प्रतिमेस कांपवीत असते आणि तिच्यावर मागाहून कोणताही उपाय चालत नाहीं.

दुसरी गोष्ट स्थिरतेची. दूरचा पक्षी जवळ आणणारें भिंग हाताचा कंपही तितकाच मोठा करतें. जुना ठोकताळा असा कीं, भिंग ३०० मिलिमीटरचें असेल तर निदान सेकंदाच्या तीनशेंव्या भागांत चित्र घेतलें जावें. मोटारीची खिडकी, भिंत, झाडाचा बुंधा, मिळेल त्याचा आधार घ्यावा. रेखीवपणा नेमका डोळ्यावर साधावा. पक्ष्याचा डोळा स्पष्ट असला कीं शेपटी किंचित् अस्पष्ट राहिली तरी पाहणारा क्षमा करतो.

येथवर झालें तें चित्र घेण्याविषयीं. खरा प्रश्न पुढेंच आहे. घेतलेलें चित्र सुधारावयाचें म्हणजे काय करावयाचें? कोठवर सुधारणा म्हणावी, आणि कोठून पुढें ती लबाडी होते? या प्रश्नाचें उत्तर एका लहानशा घुबडाच्या कथेंत मिळतें, आणि ती कथा खानदेशांतून निघून भिवंडीच्या शेजारापर्यंत येते.

१८७२ सालीं आजच्या छत्तीसगडच्या भागांत ब्लूइट नांवाच्या संग्राहकास एक घुबड मिळालें. पुढील वर्षीं ॲलन ह्यूम यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. मराठींत त्याला रानपिंगळा म्हणतात. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें खानदेशांत त्याचे आणखी नमुने जमविले. पण १८८४ नंतर हा पक्षी जणूं भूमींत गडप झाला. पुढच्या काळांतला म्हणून एकच नमुना दाखविला जाई. तो कर्नल माइनर्त्झहागेन यांच्या संग्रहांतला होता, आणि १९१४ सालीं गुजरातेंतील मांडवी येथें मिळाल्याची चिठ्ठी त्यास बांधलेली होती. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर या संशोधकांनीं तो नमुना बारकाईनें तपासला, तेव्हां निराळेंच सत्य बाहेर आलें. डेव्हिडसनचाच एक जुना नमुना चोरून, त्यांतील भरण काढून, तो नव्यानें भरून आणि नवी चिठ्ठी लावून सजविलेला होता! एका अर्थानें ती सुधारणाच होती; पण तिनें पक्ष्याचें स्थळ आणि काळ दोन्ही खोटीं केलीं.

खोट्या चिठ्ठीचा आधार सोडून, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढीत रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ सालीं भारतांत आले. २५ नोव्हेंबर रोजीं, आज नंदुरबार जिल्ह्यांत असलेल्या शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. या खेपेस कोणी बंदूक उचलली नाहीं. पक्षी फांदीवर बसून राहिला, त्याचीं चित्रें घेतलीं गेलीं, आणि ११३ वर्षांच्या मौनानंतर त्याच्या अस्तित्वाची ग्वाही जगास मिळाली. पुढें २०१४ सालीं तो तानसा अभयारण्यांतही आढळला. हें अरण्य भिवंडीला लागून असलेल्या शहापूर तालुक्यांत आहे; मुंबईस पाणी नेणारे तानशाचे प्रचंड नळ भिवंडी तालुक्यांतूनच गेले आहेत. जो पक्षी नामशेष झाला असें विद्वानांना वाटत होतें, तो मुंबईच्या पाणवठ्याशीं नांदत होता.

आतां या पक्ष्याची ओळख कशावरून पटते तें पाहावें. गांवोगांवीं वडा-पिंपळाच्या ढोलींत राहणारा साधा पिंगळा आणि हा रानपिंगळा दिसावयास जवळचे. परंतु साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ एकरंगी तपकिरी असतो, पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे असतात आणि पोटाचा मध्यभाग शुभ्र असतो. मध्यंतरीं रानपिंगळ्याचें म्हणून छापलें गेलेलें एक छायाचित्र साध्या पिंगळ्याचें असल्याचें तज्ज्ञांनीं दाखवून दिलें होतें. सारा निवाडा या चार खुणांवर!

आणि याच खुणा सुधारणेच्या हातीं सर्वांत आधीं सांपडतात. अंधुक उजेडांत घेतलेल्या चित्रांत रवाळ दाणे दिसतात. ते पुसणारीं साधनें आतां संगणकावर आणि खिशांतल्या फोनवरही मिळतात. पण यंत्राला दाणा कोणता आणि ठिपका कोणता हें कसें कळावें? जोर थोडा अधिक झाला कीं दाण्यांबरोबर माथ्यावरचे ठिपकेही पुसले जातात, आणि भिवंडींतल्या एखाद्या वडावरचा साधा पिंगळा पडद्यावर रानपिंगळा होऊन बसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं नवीं साधनें तर याही पुढें जातात. जें पीस भिंगानें पाहिलेंच नाहीं तें तीं कल्पनेनें रेखाटून देतात. चित्र देखणें होतें. साक्ष मात्र बुडते.

तर मग सुधारणा करूंच नये काय? अवश्य करावी. कॅमेऱ्याची मूळ नोंद, जिला रॉ असें म्हणतात, ती राखून ठेवावी आणि तिच्या प्रतीवर काम करावें. सावलींत दडलेला रंग उजळावा. रॉ नोंदींत तो बहुधा शिल्लक असतो. पांढऱ्या रंगावर चढलेली निळी वा पिवळी झांक काढावी. रिकामी जागा कातरावी, पण पक्षी ज्या दिशेस पाहतो तिकडे थोडी मोकळीक ठेवावी. भिंतीला नाक लावून बसलेला पक्षी कोणास आवडत नाहीं. धार द्यावयाची ती शेवटीं आणि बेतानें. पिसांभोंवतीं पांढरी कड दिसूं लागली कीं हात आवरावा. कसोटी एकच: डोळ्यानें जें पाहिलें आणि यंत्रानें जें नीट सांगितलें नाहीं, तें सांगण्यास यंत्राला मदत करणें ही सुधारणा, डोळ्यानें जें पाहिलेंच नाहीं तें यंत्राकडून वदविणें ही खोटी साक्ष. विजेची तार आड आली म्हणून ती पुसून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. दिवाणखान्यांतील शोभेसाठीं तसें केलें तर तें सांगून करावें. कारण तारेवर बसलेला वेडा राघू ही देखील या गांवाची एक खरी हकीकत आहे. प्रत्येक चित्राबरोबर दिनांक आणि ठिकाण खरें लिहावें. मांडवीची ती चिठ्ठी विसरूं नये. मात्र दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची जागा चारचौघांत जाहीर करूं नये.

शेवटीं एक पथ्य. चित्रासाठीं पक्ष्याला दगड मारून उडविणें, त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला भुलविणें, घरट्याभोंवतालच्या डहाळ्या तोडणें, हीं कामें चित्रकाराचीं नव्हेत. रानपिंगळा अजूनही संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादींत आहे. त्याचा आसरा म्हणजे जुनीं, ढोली असलेलीं झाडें. झाड गेलें तर फांदी गेली, आणि फांदी गेल्यावर तिच्यावरचा पक्षी कोणत्या साधनानें परत आणावयाचा? चित्राचा उजेड मागाहून वाढवितां येतो, रानाचा नाहीं.