खिशातले पिस्तूल आणि स्वसंरक्षण



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आमचा आजचा विषय त्या पंगतीत बसणारा नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु गावात जो प्रश्न कुजबुजत विचारला जातो, तो व्यासपीठावर मोकळेपणाने मांडणे हेही व्याख्यानमालेचेच काम आहे. रोकड घेऊन रात्री घरी परतणारा सराफ, कोळशाच्या वाहतुकीचा ठेकेदार, मूल-चिचपल्लीच्या बाजूला शेती असलेला गृहस्थ, यांच्यापैकी कोणी ना कोणी हा प्रश्न विचारीतच असतो. ‘खिशात मावेल असे लहान पिस्तूल घ्यावे काय? आणि घ्यावे तर कोणते?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आज आम्ही शोधणार आहोत.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला एक विशेष फाटा फुटतो, त्याचा निकाल प्रथम लावू. तो फाटा म्हणजे वाघ. ताडोब्याचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, व्याघ्र प्रकल्प १९९५ साली झाला, आणि आज वाघ गावाच्या शिवारापर्यंत येतो हे येथे कोणास सांगावयास नको. म्हणून काही मंडळींस वाटते की कमरेला पिस्तूल असले म्हणजे रानात निर्धास्त फिरता येईल. हा शुद्ध भ्रम आहे. नागरिकाला सामान्यतः मिळते ते बत्तीस बोअरचे पिस्तूल. त्याची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास वजनाची असते आणि तिच्यात सुमारे पावणेदोनशे ज्यूल एवढी शक्ती असते. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या गोळीत याच्या अठरापट शक्ती असे. दोनशे किलोच्या वाघाला किंवा अंगावर चालून आलेल्या अस्वलाला ही लहान गोळी थांबवू शकत नाही. जखमी मात्र करते, आणि जखमी जनावर काय करते हे आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या गुराख्यास विचारावे. वाघ येतो तो बहुधा मागून, वाकून मोह वेचणाऱ्या किंवा तेंदूची पाने तोडणाऱ्या माणसावर. तेथे खिशात हात घालण्याइतकाही अवधी मिळत नाही. रानातला बचाव म्हणजे चार माणसांनी मिळून जाणे, आवाज करीत जाणे, पहाटे आणि तिन्हीसांजेला न जाणे आणि वनखात्याला वेळेवर खबर देणे. वाघाचा प्रश्न पिस्तुलाच्या हिशेबातून आम्ही येथेच वजा करतो.

आता उरला माणूस. माणसापासून बचाव करण्यासाठी शस्त्र बाळगण्याच्या कल्पनेला आपल्याकडे एक इतिहास आहे, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून आपल्या मनातले पिस्तुलाविषयीचे आकर्षण उलगडत नाही. याच चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबूराव शेडमाके यांना फाशी देण्यात आले. पुढे वीस वर्षांनी, १८७८ साली, लिटनसाहेबाच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा झाला. त्यातली बोचणारी गोष्ट अशी की, युरोपियनांना त्या कायद्यातून सूट होती आणि या देशाच्या माणसाला परवाना मागावा लागे. शस्त्र नाकारणे हा अपमान ठरला, म्हणून शस्त्र मिळणे हा सन्मान वाटू लागला. स्वराज्यात १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. पण परवाना म्हणजे प्रतिष्ठा ही समजूत मात्र काही घरांत अद्याप टिकून आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे आहेत, ते या समजुतीचेच वारस होत. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. प्रतिष्ठेसाठी ज्यांस पिस्तूल हवे असेल त्यांच्याशी आमचे बोलणे येथेच संपते.

खिशातल्या पिस्तुलाचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात आले ते १९०९ साली. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान, चपटे, आपोआप पुढची गोळी भरणारे पिस्तूल सिद्ध केले, आणि बेल्जममधल्या कारखान्यातून ते जगभर गेले. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगच्याच. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर झाडलेले पिस्तूलही लहानच होते, इटलीच्या बेरेटा कंपनीचे. या दोन घटना एका मापाने मोजाव्यात असे आम्ही म्हणत नाही. आम्हांस त्यांतून एकच व्यावहारिक धडा घ्यावयाचा आहे. लपवून नेण्याजोगे पिस्तूल हल्ला करणाराच्या फार कामी येते, कारण वेळ, जागा आणि अंतर तो स्वतः निवडतो. बचाव करणाराला यांपैकी काहीच निवडता येत नाही. तेच पिस्तूल त्याच्या हाती आले की अर्धे निकामी होते.

किती निकामी होते याचा एक हिशेब आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस शिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली असे दाखविले की, सात वारांवर उभा असलेला धडधाकट मनुष्य सुमारे दीड सेकंदात अंगाशी येऊन भिडतो. पट्ट्यात पिस्तूल असलेल्या शिकलेल्या शिपायालाही ते काढून झाडावयास तेवढाच वेळ लागतो. मग पैरणीखाली, रुमालाच्या आणि किल्ल्यांच्या गर्दीत पिस्तूल ठेवणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याची काय कथा? म्हणून ‘कोणते पिस्तूल’ या प्रश्नाचे उत्तर या दीड सेकंदाच्या कसोटीवरच घासून पाहिले पाहिजे.

प्रथम बोअर. पोलीस आणि सैन्य वापरतात ते नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्या कायद्याने सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. सरकारी काडतुसे बाहेर झिरपू नयेत हा त्यातला हेतू उघड आहे. म्हणून व्यवहारात बावीस, पंचवीस आणि बत्तीस हे तीन लहान बोअर उरतात. बावीसच्या काडतुसाला धक्का सौम्य, पण त्याची पेट घेणारी दारू बुडाच्या कडेत असते, आणि असे काडतूस फुसके निघण्याचा संभव मधोमध टोपी असलेल्या काडतुसापेक्षा अधिक. पंचवीसचे पिस्तूल तळहातात मावते. १९०५ च्या सुमारास निघालेले हे माप खास खिशासाठीच होते, परंतु त्याच्या गोळीची शक्ती बत्तीसच्या जेमतेम निम्मी. बत्तीसची गोळीही नऊ मिलिमीटरच्या गोळीपुढे निम्मीसुद्धा भरत नाही. तरी या तिघांत तीच त्यातल्या त्यात भरवशाची, आणि तिची काडतुसे आपल्या देशात तयार होतात, हा लाभ लहान नव्हे. आपल्या भद्रावतीचा आयुधनिर्माणी कारखाना मोठ्या तोफगोळ्यांचा. बत्तीस बोअरची शस्त्रे येतात ती कानपूर आणि ईशापूर येथून.

दुसरा प्रश्न रिव्हॉल्व्हर की पिस्तूल. पिस्तूल चपटे असते, अंगाबरोबर बसते आणि त्यात गोळ्या अधिक मावतात. पण काडतूस फुसके निघाले तर दुसऱ्या हाताने स्लाइड मागे ओढावी लागते, आणि झटापटीत दुसरा हात मोकळा असतोच असे नाही. शिवाय एक जीवघेणी चूक पिस्तुलाबरोबरच येते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असा समज होतो, आणि नळीच्या मागे एक गोळी तशीच बसलेली असते. रिव्हॉल्व्हर जाड असतो, गोळ्या बहुधा सहाच, पण एक फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढावा, पुढची गोळी समोर येते. रिकामा की भरलेला हे चक्र उघडून डोळ्यांनी दिसते. नवशिक्या माणसास आम्ही रिव्हॉल्व्हरच सुचवू.

येथे भगिनींसाठी दोन शब्द. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अमानुष प्रकारानंतर, २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचा बत्तीस बोअरचा हलका रिव्हॉल्व्हर स्त्रियांचे शस्त्र म्हणून पुढे आणला. वजन सुमारे अर्धा किलो. पुढे ईशापूरहून ‘निडर’ नावाचा बावीस बोअरचा त्याहूनही हलका रिव्हॉल्व्हर निघाला. कल्पना चांगली वाटते. पण हलके शस्त्र हातात अधिक उसळते, आणि अशा रिव्हॉल्व्हरचा चाप बोटाला जड लागतो. तेव्हा नावावर आणि वजनावर भुलू नये. मूठ आपल्या हातात पुरी बसते काय, बोटाच्या पेराने चाप हात न हलता ओढला जातो काय, हे पाहावे. जोड्याचे माप पायावरून घेतात, तसे शस्त्राचे माप हातावरून घ्यावे. सर्वांत लहान ते सर्वांत चांगले हा या व्यवहारातला सर्वांत महाग गैरसमज आहे. मूठ लहान, नळी लहान, म्हणजे नेम कठीण. लहान पिस्तूल चालविण्यास सोपे नसते, लपविण्यास सोपे असते, एवढेच.

तिसरा प्रश्न बाळगण्याचा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल अंगाशी, त्यासाठी केलेल्या म्यानात, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. हा नियम शहाणपणाचाही आहे. उघड्या खिशात किल्ली चापात अडकली की पुढचे सांगावयास नको. म्यान असे हवे की चाप पुरता झाकला जाईल. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेला असता, अंगावर सुती सदऱ्याखेरीज काही सोसत नाही. पिस्तूल झाकणार कशाने? शिवाय घामाने लोखंड गंजते, आणि घुग्घूस-बल्लारपूरकडची कोळशाची धूळ तेलावर बसून आतल्या भागांत चिकटा धरते. दर आठवड्यास पुसून, माफक तेल देऊन ठेवण्याची ज्यास सवड नाही, त्याने शस्त्र घेऊच नये.

चौथा प्रश्न घराचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत मोठा. हल्लेखोर आयुष्यात कदाचित एकदा येईल, बहुधा येणारही नाही. घरातले मूल मात्र रोज कपाट उघडते. उशाखाली ठेवलेले भरलेले पिस्तूल चोरापेक्षा नातवाच्या हाती लागण्याचा धोका मोठा. माकडाच्या हाती कोलीत ही म्हण आपण हसत वापरतो, येथे हसण्याजोगे काही नाही. शस्त्र कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाजवळ, हे ज्या घरात पाळले जाणार नाही तेथे परवाना असूनही शस्त्र नसावे. घरात कोणी दारूच्या आहारी गेलेला असेल, कोणी खिन्नतेने पोखरलेला असेल, तर हा विचार दुपटीने करावा. रागाचा किंवा निराशेचा क्षण निघून जातो, पण सुटलेली गोळी परत येत नाही.

आता कायद्याकडे वळू. परवान्यासाठी वय एकवीस पुरे असावे लागते. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, पोलिसांचा अहवाल, शस्त्र हाताळण्याचे शिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी, असा हा मार्ग आहे. पण परवाना म्हणजे गोळी झाडण्याची परवानगी नव्हे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. स्वसंरक्षणाचा हक्क परवाना असणाऱ्याला आणि नसणाऱ्याला सारखाच आहे. पूर्वी तो १८६० च्या दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. त्याचे सार असे: बचावापुरतेच बळ वापरावे, पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाही, आणि समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क ताणला जातो तो मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी अशा थोड्या प्रसंगांतच. पाकीट मारून पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घालणारा गृहस्थ स्वसंरक्षण करीत नाही. तो गुन्हा करतो. आणि बाजारपेठेत चुकलेली गोळी कोणाला लागेल, याचे उत्तर झाडणारालाच द्यावे लागते.

मग घ्यावे की न घ्यावे? आमचे उत्तर असे. जिवाला विशिष्ट आणि खरा धोका आहे, किंवा धंद्यामुळे मोठी रक्कम घेऊन एकट्याने फिरणे अटळ आहे, अशा माणसाने परवान्याचा अर्ज जरूर करावा. त्याने आपल्या हातात नीट बसणारा बत्तीस बोअरचा रिव्हॉल्व्हर घ्यावा, चाप झाकणारे म्यान घ्यावे, आणि रीतसर मैदानावर नियमाने सराव करावा. वर्षातून एकदा दसऱ्याला पूजेसाठी बाहेर निघणारे शस्त्र दीड सेकंदाच्या परीक्षेत नापास होणार, यात शंका नाही. ज्यांचा धोका असा नेमका नाही, ज्यांना नुसती धास्ती आहे, त्यांनी रकमेचा भरणा दिवसा करावा, वाट आणि वेळ बदलीत जावे, सोबतीला माणूस घ्यावा, दाराला चांगली कडी आणि अंगणात दिवा लावावा, शेजाऱ्याशी बोलणे ठेवावे आणि ११२ हा क्रमांक घरातल्या पोराबाळांस पाठ करवावा. हे उपाय बंदुकीच्या दुकानात मिळत नाहीत म्हणून त्यांची कोणी वाखाणणी करीत नाही. पण त्यांनी कोणाचे मूल दगावत नाही.

श्रोतेहो, पिस्तुलाची निवड बोअरपासून सुरू होते असे आपण समजतो. ती आपला हात, आपले घर आणि आपला राग यांच्या परीक्षेपासून सुरू होते. या तीन परीक्षांत उतरेल त्याने पुढे बोअरचा विचार करावा. ज्याला आपल्या रागाचा भरवसा नाही, त्याच्यासाठी जगातल्या कोणत्याही कारखान्यात सुरक्षित पिस्तूल तयार झालेले नाही.