रोखा हाती आल्यावाचून देणे फिटत नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सारा जन्म पोळ्या लाटण्यात गेला. पण चिटणीसबाईंनी "तुमच्या देण्याची हकीकत सांगाच" असा आग्रह धरला, म्हणून चार शब्द बोलते.

लालबागच्या चाळीत माझी खानावळ होती. गिरणीतले वीस-बावीस गडी जेवायला असत. पगार झाला की ते मला पैसे देत आणि मी वाण्याला देई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हा रहाट थांबला. माझी गिऱ्हाइके एकेक करून गावी गेली. त्यांना बोल लावीत नाही. त्यांच्याच चुली थंडावल्या होत्या. पण वाण्याचे २४०० रुपये माझ्या नावावर राहिले.

त्यातच एका सावकाराकडून १५०० रुपये काढले, महिना दहा टक्क्यांनी, आणि कोऱ्या कागदावर सही केली. दीड वर्षाने तो ४२०० मागू लागला. मंगळसूत्र मोडा, असे दारात उभा राहून सांगे.

मी आधी वही घेऊन वाण्याकडे गेले. म्हटले, "शेठ, बुडवणार नाही, पण महिन्याला शंभरच जमतील." लोकांकडे पोळ्या करून मी वीस महिने शंभर रुपये दिले. उरलेल्या चारशेंच्या बदली त्यांनी मुलीच्या लग्नाचे लाडू माझ्याकडून वळून घेतले.

सावकाराकडे जाताना आमच्या मजल्यावरचे वकील सोबत आले. त्यांनी मला आधीच समजावले होते: १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याप्रमाणे बिनपरवान्याच्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही, कोरा कागद लिहून घेता येत नाही आणि थकलेले व्याज मुदलाहून अधिक मागता येत नाही. मी मुद्दल १५०० आणि व्याज ५०० देऊ केले, दरमहा २०० प्रमाणे. तो ओरडू लागला. वकिलांनी शांतपणे परवाना पाहायला मागितला. आवाज खाली आला. ठरले ते कागदावर उतरले आणि प्रत्येक हप्त्याची पावती मी घेत गेले.

दहाव्या महिन्यात तो म्हणाला, "रोखा सापडत नाही, पैसे ठेवून जा." मी पदराची गाठ सोडली नाही. दोन तास त्याच्या पायरीवर बसले. मग रोखा सापडला! त्यावर "पूर्ण फेड" असे लिहून घेतले, तेव्हाच पैसे मोजले.

एक खंत आहे. १९७५ मध्येच प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. माझ्यासारख्या खानावळवाल्या एकमेकींना जामीन राहून बँकेचे कर्ज घेत होत्या. घरची अडचण चारचौघींत कशी सांगावी, म्हणून मी गेले नाही. ती लाज मला सावकाराच्या व्याजाहून महाग पडली.

आता २०१४ चा नवा सावकारी कायदा आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, मिळकत कितीही असो, वकील फुकट मिळतो. लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या निकालाइतकीच पक्की असते. तेव्हा भगिनींनो, देणे झाले तर लपवू नका. मुद्दल आणि व्याज वेगळे मांडा, झेपेल तोच हप्ता कबूल करा, आणि कोऱ्या कागदावर सही कधीही करू नका.